गॅस टाकीवरचा काटा गॅस मोजत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या आमच्या राजारामपुरी भागात दुपारच्या वेळी काही विक्रेते गॅसच्या टाकीला बसवायचं ‘मीटर’ घेऊन दारोदार फिरताहेत. टाकीचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांच्या मध्ये बसणारा एक तुकडा, त्यावर छोटी तबकडी, तबकडीवर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. “वहिनी, काटा लालवर आला की नंबर लावा, स्वयंपाक कधी अडायचा नाही,” असं म्हणत ते गळ्यात मारतात. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून माझी हयात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

हे मीटर म्हणजे साधं प्रेशर गेज. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली पेटंट घेतलेली युक्ती अजून तशीच चालू आहे. आत चपटी, गोल वाकवलेली धातूची नळी असते, तिचं एक टोक बंद. दुसऱ्या टोकातून दाब आत शिरला की नळी किंचित सरळ होऊ बघते. बंद टोक केसभर सरकतं, ते सरकणं दातेरी चक्रांतून काट्यापर्यंत पोचतं आणि काटा फिरतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त, एवढंच त्याला कळतं. टाकीत किती किलो माल उरलाय, हे त्याच्या बापालाही कळायचं नाही.

कारण टाकीतला गॅस द्रवरूपात असतो. खाली द्रव, वर त्याची वाफ. वाफेचा दाब ठरतो तापमानावर. द्रव काठोकाठ आहे की तळाशी चार बोटं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुकरच्या शिट्टीवरून आत पाणी किती उरलंय, हे कुणी सांगतं का? शेजारच्या वहिनींच्या काट्याने जानेवारीत सकाळी लाल दाखवलं म्हणून त्यांनी घाईने नंबर लावला. दुपारी खिडकीतलं ऊन टाकीवर आलं, तर तोच काटा हिरव्यात! उन्हाने काय गॅस वाढला? द्रव पुरता संपल्यावर काटा खरोखर घसरतो, पण तोवर शेगडीही विझायला आलेली असते.

गेजला मी नावं ठेवत नाही. उद्यमनगरातल्या वेल्डरची ऑक्सिजनची टाकी घ्या. तिच्यात नुसता दाबून भरलेला वायू असतो. भरताना चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोचा दाब असेल आणि काटा पंचाहत्तरवर आला, तर निम्मी संपली. तिथे काट्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साच्यातले वाळूचे गाभे (कोअर) घट्ट करायला कार्बन डायऑक्साइडची टाकी लागते, तिच्यात द्रव असतो. ती मंडळी टाकी सरळ वजनकाट्यावर ठेवतात.

दुसरं म्हणजे या तबकडीवर ना आकडा, ना एकक. किलो नाही, बार नाही, पीएसआय नाही. मग ती तपासायची कशाशी? बॉयलरच्या गेजवर कमाल दाबाची लाल खूण असते, आणि गळीत हंगामाआधी आम्ही गेजं उतरवून डेड वेट टेस्टरवर, म्हणजे ठरावीक वजनांनी नेमका दाब देणाऱ्या यंत्रावर, पडताळायचो. इथे नुसते रंग! शिवाय रेग्युलेटरनंतर नळीत चौरस सेंटिमीटरला जेमतेम तीस ग्रॅमचा दाब असतो. हा तुकडा बसतो त्याच्या अलीकडे, टाकीच्या पूर्ण दाबावर. गळतीला एक जादा सांधा, तोही नेमका तिथे.

वजनासारखा दुसरा उपाय नाही. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं; त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन. टाकी आणणाऱ्या पोराकडे ताणकाटा मागा, दारातच वजन करून घ्या. मधल्या काळात अंदाज हवा तर टाकी ओल्या फडक्याने पुसा. द्रव असेल तिथवरचा भाग उशिरा वाळतो. आमच्या घरात हेच चालतं.

वजनमापं तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाने या विक्रेत्यांकडे एकदा बघावं आणि गॅस एजन्सीवाल्यांनी ग्राहकांना सावध करावं, ही विनंती. ज्यांनी हे मीटर आधीच बसवलंय, त्यांनी ते काढून रेग्युलेटर थेट व्हॉल्व्हवर लावावा आणि सांध्यावर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का बघावं. काडी ओढून बघू नये. आमच्या गल्लीत तेही करणारे आहेत.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट फिटर,
राजारामपुरी, कोल्हापूर