निकाल न धरणारे सामने

चँडलर, ॲरिझोना
२३ मार्च २०२५

ती. अण्णांना आणि ती. आईला शि. सा. नमस्कार.

अण्णा, परवा फोनवर इथल्या बेसबॉलच्या सराव सामन्यांबद्दल तुम्ही विचारलंत, “निकाल धरतच नाहीत, तर मग ही पोरं खेळतात कशाला?” मी सांगायला लागले आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली. तुमची सकाळ होती आणि मी इथे रात्रपाळीला निघाले होते. फॅबपर्यंतच्या, म्हणजे आमच्या चिपच्या कारखान्यापर्यंतच्या, सबंध रस्त्यात तोच प्रश्न डोक्यात होता. तीस वर्षं शाळेच्या खो-खो संघाची निवड केलेल्या माणसाने तो विचारलाय, तेव्हा घाईत काहीतरी सांगून चालणार नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आधी थोडी मांडणी करते, म्हणजे आईलाही कळेल. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्याला थंडीतून उठून त्यांतले १५ फ्लोरिडाला जातात आणि १५ आमच्याकडे, फिनिक्सच्या आसपास येतात. याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात आणि इथल्या सामन्यांना कॅक्टस लीग. १५ संघांत मैदानं १०, त्यांतली पाच दोन-दोन संघ वाटून घेतात. आम्हाला सोयीचं पडतं ते मेसा गावातलं स्लोन पार्क. तिथे शिकागो कब्ज असतात. हे सामने कुठल्याच तक्त्यात जात नाहीत. बरोबरी झाली तर तशीच सोडून देतात, एरवी या खेळात बरोबरी चालत नाही.

पण खरा हंगाम सुरू झाला की प्रत्येक संघात जागा असतात २६. २०१९ पर्यंत २५ होत्या. त्याच्या बाहेर करारातली ४० जणांची यादी, आणि त्याही बाहेर नुसत्या आमंत्रणावर आलेली माणसं. सगळी मिळून छावणीत साठ-सत्तर जण असतात. २६ पैकी वीस-बावीस नावं तर फेब्रुवारीतच सगळ्यांना ठाऊक असतात. म्हणजे अण्णा, ही सगळी धडपड उरलेल्या चार-पाच जागांची आहे.

कुणाचं काय चाललंय ते शर्टाच्या नंबरवरून कळतं. ज्यांची जागा पक्की आहे त्यांना लहान, सुटसुटीत नंबर. आमंत्रणावर आलेल्यांना ७४, ८८, ९३ असे काहीतरी. दुपारी एकला सामना सुरू होतो तेव्हा मोठे खेळाडू असतात. पाचवा डाव संपला की ते आंघोळ करून घरी जायला निघतात, आणि मग मैदानात येतात हे सत्तर-ऐंशी नंबरवाले. तोपर्यंत अर्धी माणसंही उठलेली असतात. मी मात्र अर्णवला सांगून ठेवलंय की आपण नववा डाव संपल्याशिवाय हलायचं नाही. मला सामन्याचा तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. बाहेरच्या बाजूला गवताचा उतार आहे, तिथे चादर टाकून बसतो आम्ही. स्कोअरबोर्डावर नावसुद्धा धड न दिसणारा एखादा पोरगा आठव्या डावात जीव तोडून पळतो, तेव्हा मला आपल्या ग्राउंडवर उभी असल्यासारखं होतं.

माझी पाळी बारा-बारा तासांची असते, पण आठवड्यातले तीन-चार दिवस सकाळ मोकळी मिळते. मग कधीकधी मी सामन्याला न जाता मागच्या सरावाच्या मैदानांवर जाते. तिकीट नाही, खुर्ची नाही, नुसतं जाळीला टेकून उभं राहायचं. प्रशिक्षक फंगो नावाची लांब, सडपातळ बॅट घेऊन जमिनीलगत चेंडू मारत राहतात आणि पोरं उचलून फेकतात. पन्नास, साठ, ऐंशी वेळा. कुणी टाळी वाजवत नाही. तुम्ही खुंटावर सूर मारायला लावायचात तसंच. कोपराला रक्त आलं तरी पुन्हा रांगेत.

आता निवड कशी होते ते. आकड्यांवर म्हणाल तर मार्चचे आकडे फार फसवतात. एक तर हवा. इथली हवा म्हणजे तासगावच्या बेदाण्याच्या शेडमधली हवा, ओठ सुकवणारी. त्यात चेंडू लांब जातो, शिवाय वळवून टाकलेला चेंडू म्हणावा तसा वळत नाही. दुसरं म्हणजे समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तुम्हाला बाद करायलाच आलेला असतो असं नाही. तो नवा चेंडू घोटत असतो, एकच प्रकार वीसदा टाकून बघतो, मार पडला तरी त्याला पर्वा नसते. तिसरं, आठव्या डावात होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचा फटका, मारला तो कुणाला? खालच्या लीगमधल्या वीस वर्षांच्या पोराला. म्हणून नुसत्या आकड्यांवर संघ निवडणारा माणूस एप्रिलमध्ये पस्तावतो.

यंदा कब्जकडे थर्ड बेसची, म्हणजे तिसऱ्या बेसपाशी उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाची, जागा मोकळी होती. गेल्या डिसेंबरात त्यांनी काइल टकरसाठी तीन खेळाडू ह्यूस्टनला दिले, त्यांत थर्ड बेसवरचा इसाक परेदेस गेला. कॅम स्मिथ नावाचा एक कोवळा मुलगाही गेला. खालच्या लीगमध्ये तो जेमतेम ३२ सामने खेळलाय आणि आता तिकडे फ्लोरिडात ह्यूस्टनच्या संघात जागा मिळवायला बघतोय, तीही थर्ड बेस सोडून राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या उजव्या बाजूला. इकडे त्या जागेवर कब्जची भिस्त होती मॅट शॉवर. २०२३ मध्ये सगळ्या संघांनी मिळून नवी मुलं निवडली, त्यांत तेरावा निवडला गेलेला मुलगा. पण सराव सामन्यांच्या तोंडावर त्याच्या बरगडीखालचा स्नायू दुखावला. आणि नेमका यंदा कब्जना वेळ कमी, कारण हंगामाचे पहिले दोन सामने टोकियोत डॉजर्सबरोबर होते. त्याला पुरते सामने मिळालेच नाहीत, तरी १८ मार्चला टोकियोत थर्ड बेसवर तोच उभा होता. मोठ्या लीगमधला त्याचा तो पहिला सामना. मी कामावरून येऊन तशीच टीव्हीसमोर बसले होते. दोन्ही संघांचे सुरुवातीचे पिचर जपानी होते. आपल्या इमानागाने चार डावांत एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, दिली नाही, तरी कब्ज ४-१ ने हरले आणि दुसऱ्या दिवशी ६-३ ने. हे दोन सामने धरले बरं का अण्णा! आणि आता परत मेसात येऊन पुन्हा न धरणारे सामने. तुमच्या प्रश्नाला यंदा असाही एक पदर आहे.

माझं सगळं लक्ष मात्र गेज वर्कमनवर आहे. तो इथल्याच टेम्पीच्या विद्यापीठातून पुढे आला. डेट्रॉइटच्या खालच्या संघांत होता, ४० च्या यादीत त्याला घेतलं नव्हतं. अशा अडकून पडलेल्या खेळाडूंसाठी ‘रूल फाइव्ह’ नावाची सोय आहे. डिसेंबरात दुसरा संघ १ लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो, पण अट अशी की सबंध हंगाम त्याला २६ मध्येच ठेवायचं. खाली पाठवता येत नाही. ठेवायचं नसेल तर इतर संघांना विचारायचं, आणि कुणीच घेतला नाही तर निम्म्या पैशात मूळ संघाला परत देऊ करायचा. बाकीच्या बहुतेकांना ‘ऑप्शन’ असतात, म्हणजे तीन हंगाम त्यांना खाली-वर करता येतं. चूक झाली तर कब्जच्या आयोवातल्या खालच्या संघात जाऊन पुन्हा येता येतं. या मुलाला तो दरवाजाच नाही. सबंध वर्षाची जागा, नाहीतर काहीच नाही. या वसंतात त्याने सुरेख फटकेबाजी केली आणि अजून तो टिकून आहे. टिकावा असं मला मनापासून वाटतं.

पैशाचंही सांगते, कारण समीर म्हणतो तेही लिही. वरच्या संघात यंदा कमीत कमी पगार वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर. त्याच्या लगेच खालच्या पायरीवर, २०२३ साली झालेल्या करारानुसार, कमीत कमी ३५ हजार ८०० पासून सुरुवात. एका पायरीत एवढं अंतर! आणि मार्चमध्ये तर वरच्या संघाचा पगार सुरूच झालेला नसतो. अशा वेळी साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं की पोराच्या पोटात काय होत असेल.

एक गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. दहा वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, याच मेसात क्रिस ब्रायंट नावाच्या मुलाने नऊ होमरन मारले. सरासरी .४२५, म्हणजे दहातल्या चारांहून जास्त वेळा यशस्वी. त्या मार्चमध्ये सगळ्या लीगमध्ये त्याच्याइतके होमरन कुणाचे नव्हते. तरी त्याला खाली पाठवलं. संघ म्हणाला, क्षेत्ररक्षण अजून तयार व्हायचंय. पण हिशेब असा आहे की वरच्या संघात १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हवं तिथे जाऊ शकतो. ब्रायंटला वर बोलावलं १७ एप्रिलला. हंगाम संपला तेव्हा त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने संघाला तो आणखी एक वर्ष मिळाला. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच २०१६ मध्ये कब्जनी १०८ वर्षांनी विश्वविजेतेपद मिळवलं. त्याने दाद मागितली, पण २०२० मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला. नियमात बसतं, एवढंच. २०२२ च्या करारात थोडी दुरुस्ती झाली. आता नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाचे दिवस मिळतात. तरीसुद्धा ज्याने मार्चभर सगळ्यांसमोर जागा कमावली त्याला “तू अजून तयार नाहीस” असं सांगायचं, हे मला लागतं. तुम्ही कधी कुणाला खोटं कारण सांगितलं नाहीत. कुलकर्ण्यांचे वडील घरी येऊन भांडले तेव्हासुद्धा “तुमचा मुलगा साखळीत धापा टाकतो” असं सरळ सांगितलंत.

आपल्याकडची दोन मुलंही या वाटेने गेली आहेत, ठाऊक आहे का? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये चेंडू जोरात फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करार दिला. मोठ्या लीगपर्यंत पोहोचले नाहीत. पण भाला फेकणाऱ्या हाताने अमेरिकेतल्या छावणीपर्यंत येणं हेच केवढं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या आठवड्यात मला होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागची जागा मिळाली. तिथे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, बसतात, दुसऱ्या संघांकडून आलेले, हातात स्टॉपवॉच आणि वही. माझ्या पुढच्या ओळीत तुमच्या वयाचे एक गृहस्थ होते, डोक्यावर गवती टोपी. एका बॅटरने लांब होमरन मारला. सगळे उभे राहिले, हे वही मिटूनच बसले. पुढच्या डावात अगदी साधा चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, गेला, त्याने फर्स्ट बेसला फेकला, बाद. कुणी बघितलंही नाही. तेवढ्यात यांनी वही उघडून काहीतरी लिहिलं. मी मैदानात पाहिलं तर राइट फील्डमधला ९१ नंबरचा मुलगा फर्स्ट बेसच्या मागे धापा टाकत उभा. फेक चुकली असती तर चेंडू अडवायला तो लांबून धावत आला होता. फेक चुकली नाही. तो परत आपल्या जागेकडे पळत गेला. चार दिवसांनी मी मागच्या मैदानावर गेले तर ९१ दिसला नाही.

त्या क्षणी मला तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही आठवली. मी चौथी-पाचवीत असेन. एका पानावर कोणी किती गडी बाद केले, किती मिनिटं पळालं ते आकडे. समोरच्या पानावर तीच नावं, आणि काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक फुल्या. मी विचारलं की तुम्ही वही मिटायचात. संध्याकाळी फळ्यावर बारा नावं लागायची आणि त्या रात्री तुम्ही जेवताना बोलायचा नाहीत. अकरा नावं सगळ्या शाळेला आधीच माहीत असायची. बाराव्या नावावर मात्र कुणाचाच अंदाज बरोबर यायचा नाही.

२७ तारखेला कब्जचा सामना फिनिक्समध्ये आहे, डायमंडबॅक्सबरोबर, धरला जाणारा. आम्ही तिघं जाणार आहोत. रविवारी पाडवा. गुढीला इथे कडुलिंब मिळतो, शेजारच्या आवारात मोठं झाड आहे. आईला सांगा, श्रीखंड घरीच करते आहे, चक्का बांधून ठेवलाय. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला आणायला सांगा, तुम्ही स्वतः बाजारात जाऊ नका.

आणि अण्णा, ती वही अजून कपाटात असेल तर काढून बघा. त्या फुल्या कशाच्या होत्या, ते मला लिहा.

तुमची,
मंजू