ओमीने सँडविच कुठे आणि कसं खायचं

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण नेमक्या महत्त्वाच्या वाक्यावर तुझ्या कुकरची शिट्टी झाली. तर ओमी बारावीनंतर थेट इथल्या न्यू जर्सीतल्या रटगर्स युनिव्हर्सिटीला येतोय, म्हणजे आमच्यापासून गाडीने अगदी जवळ, मला इतका आनंद झालाय की विचारू नकोस. आणि तुझा आनंद सगळा "हा तिकडे खाणार काय" यात अडकलाय. साहजिक आहे गं. सीलिॲक असलं, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आतड्याला चालत नसलं, तरी घरात फार अडत नाही, भाकरी आहे, भात आहे, पोहे आहेत, साबुदाणा आहे, खरी गंमत सुरू होते ती उंबऱ्याबाहेर पडल्यावर. आणि इथे कॉलेजच्या पोरांचं बाहेरचं खाणं म्हणजे सब, लांब पावाचं सँडविच गं, नाहीतर पिझ्झा. दोन लेक्चर्सच्या मधे अर्धा तास, सगळी गँग सँडविचच्या दुकानात, हा काय एकटा डबा उघडून बाकावर बसणारे का? म्हणून सविस्तर लिहितेय, हे पत्र त्यालाच वाचायला दे, आईचं ऐकत नाहीत पण मावशीचं ऐकतात.

सगळ्यात आधी हे सांग त्याला की पाव मिळणं हा यातला सोपा भाग आहे. जर्सी माइक्स म्हणून सबची चेन आहे, ही मूळची आमच्या न्यू जर्सीचीच, 1956 साली पॉइंट प्लेझंट नावाच्या समुद्रकाठच्या गावात सुरू झाली, त्यांच्याकडे उडीज कंपनीचा ग्लूटेन फ्री लांब पाव मिळतो. पाव नकोच असेल तर तेच सगळं सामान बाउलमध्ये घालून देतात. जिमी जॉन्सवाले पावाऐवजी लेट्यूसच्या मोठ्या पानांत गुंडाळून देतात, त्याला अनविच म्हणतात, खाताना कोपरापर्यंत ओघळ येतात पण चव छान लागते. ग्लूटेन फ्री पावाला बहुतेक ठिकाणी दोन-तीन डॉलर जास्त पडतात, आणि खरं सांगू, न भाजता खाल्ला तर त्याचा तोंडात भुगा होतो. त्यामुळे पावाबद्दल फार आशा ठेवू नको म्हणावं.

आता अवघड भाग. काउंटरच्या काचेआड काय चाललंय ते नीट बघायचं. ग्लव्ह घातलेला हात साधा पाव उचलतो, सुरीने मधोमध चिरतो, चुरा बोर्डवर पडतो, तोच हात पुढे लेट्यूसच्या डब्यात जातो, मग टोमॅटो, मग कांदा, मग चीजच्या चळतीत. दुपारी एकपर्यंत त्या लेट्यूसच्या डब्यात तळाला पावाचे कण दिसतात, खरंच दिसतात, वाकून बघितलं की. मेयोनीज ज्या चपट्या सुरीने फासतात ती पावाला टेकते आणि परत मेयोच्या डब्यात जाते. बाटलीतून पिळायचं असेल तर तेवढं बरं. टोस्टर आणि पॅनिनीची ती दाबायची मशीन तर विसरूनच जायची. म्हणजे तुझा पाव कितीही शुद्ध असू दे, हात आणि सुरी गव्हाची असेल तर काही उपयोग नाही.

आणि हे मी उगाच बाऊ करत नाहीये हं. इथल्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध खात्याने, 2013 मध्ये नियम केला की पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन हवं, आपल्याकडच्या अन्नसुरक्षा खात्याचा, एफएसएसएआयचाही आकडा तोच आहे. सीलिॲकवाल्याने दिवसभरात साधारण 10 मिलिग्रॅमच्या आत राहावं असं डॉक्टर लोक सांगतात. साध्या गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ग्लूटेन काही ग्रॅम असतं, ग्रॅम गं, मिलिग्रॅम नाही, त्यामुळे चुरा म्हणजे किती हा हिशोब तूच कर. तुझ्या सासूबाई म्हणतात ना "एका पोळीने काय होतंय", त्यांना डिके नावाच्या डच डॉक्टरची गोष्ट सांग. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी मरत होती, आणि त्याच्या वॉर्डातली सीलिॲकची मुलं मात्र सुधारायला लागली. पुढे पाव परत आला आणि मुलं परत आजारी पडली. त्याला आधीपासून गव्हावर संशय होता, तो तिथे पक्का झाला.

बरं, दुकानात बोलायचं कसं. ऑर्डर देण्याच्या आधी, पाव निवडण्याच्याही आधी, पहिलं वाक्य "आय हॅव सीलिॲक". नुसतं ग्लूटेन फ्री म्हणू नको म्हणावं, कारण इथे निम्मी जनता वजन कमी करायला ग्लूटेन फ्री खाते आणि वर बार्लीची बिअर पिते, काउंटरवरच्या पोरांना ते माहीत असतं त्यामुळे ती मनावर घेत नाहीत. मग सांगायचं की ग्लव्ह बदला, सुरी धुतलेली घ्या, बोर्डवर नवा कागद टाका, आणि भाज्या आतल्या फ्रीजमधल्या न उघडलेल्या डब्यातून काढा. मटण-चिकनचे काप मशीनवर तिथल्या तिथे कापत असतील तर मशीन पुसायला सांगायचं. आपल्या मुलांना हे सगळं मागायची लाज वाटते, मागे रांग लागलेली असते, कोणीतरी सुस्कारा टाकतं. टाकू दे. नाहीतर सरळ अकराला किंवा तीननंतर जायचं, गर्दी नसते आणि समोरच्याला ऐकायला वेळ असतो.

एका दुकानात, नाव सांगत नाही, मी हे सगळं सांगितलं, पोरगा हो हो म्हणाला, आणि सवयीने साध्या पावावर चीज ठेवलं. मी ओरडले तसं त्याने चीज उचललं आणि माझ्या पावावर ठेवलं. मी म्हटलं बाबा, हे नको, नवीन कर. त्याने असं बघितलं की मी त्याची किडनी मागितली. त्याच्याउलट दुसऱ्या एका छोट्या डेलीत, म्हणजे तयार खाण्याच्या दुकानात, भर दुपारी एक दाढीवाला माणूस मला सरळ म्हणाला, आत्ता गर्दी आहे, मी घाईत काहीतरी चूक करीन, तू कापलेली फळं आणि पाकिटातलं दही घे, सँडविच खायला नंतर ये. मी आता त्याच्याकडेच जाते. जो नाही म्हणू शकतो ना वैशू, त्याच्या हो वर माझा विश्वास बसतो, काचेवरच्या ग्लूटेन फ्रीच्या हिरव्या स्टिकरवर नाही. मोठ्या चेनवाले पण प्रामाणिकपणे लिहितात की आमच्याकडे रोज गव्हाचा पाव भाजला जातो, शंभर टक्के खात्री देता येत नाही, ते वाचून घाबरायचं नाही, तेवढं लक्षात ठेवून वागायचं.

आत काय भरायचं हेही बघावं लागतं. मीटबॉल्समध्ये ब्रेडचा चुरा असतो. तेरियाकी चिकन म्हटलं की सोया सॉस आला आणि सोया सॉसमध्ये गहू असतो, हे मला इथे येईपर्यंत स्वप्नातही वाटलं नव्हतं. सूप बरेचदा मैद्याने दाट केलेलं असतं. आणि ओमी शाकाहारी आहे म्हणून मुद्दाम सांगते, व्हेज पॅटी बघून हुरळून जायचं नाही, बऱ्याच पॅट्या गव्हाच्या ग्लूटेननेच बांधलेल्या असतात. त्यापेक्षा चीज, अव्हाकाडो, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वरून तेल आणि रेड वाइन व्हिनेगर, हे मस्त लागतं. पाकिटावर अजून एक गंमत म्हणजे गहू असेल तर कायद्याने लिहावंच लागतं पण बार्लीचं तसं नाही, त्यामुळे माल्ट, म्हणजे बहुतेक वेळा बार्लीच, हा शब्द दिसला की पाकीट खाली ठेवायचं.

होस्टेलला राहणार म्हणजे मील प्लॅन आलाच, आणि मेसमध्येही सँडविचचा काउंटर असतोच, तिथे तर मुलं स्वतःच्या हाताने चिमटे इकडचे तिकडे करतात. यासाठी त्याने आल्या आल्या युनिव्हर्सिटीच्या डिसॅबिलिटी ऑफिसला भेटायचं. नाव ऐकून नाक मुरडू नकोस. मॅसॅच्युसेट्समधल्या लेझ्ली युनिव्हर्सिटीत सीलिॲकवाल्या मुलांना मील प्लॅनचे पैसे सक्तीने भरावे लागत होते पण त्यातलं खाता येत नव्हतं, प्रकरण सरकारच्या न्याय खात्याकडे गेलं आणि 2012 मध्ये तडजोड झाली, युनिव्हर्सिटीने वेगळं सुरक्षित जेवण द्यायचं कबूल केलं, वर 50,000 डॉलर भरपाई दिली. तेव्हापासून कॉलेजं हा विषय थोडा गंभीरपणे घेतात. पण त्यांना कागद लागतो, म्हणून रक्ततपासणीचा आणि बायॉप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र आत्ताच घेऊन ठेव, तिथून मागवत बसायला वेळ जातो.

आणि ओक ट्री रोडवर आपली इतकी हॉटेलं आहेत म्हणून तू निर्धास्त झाली असशील तर थांब. डोसा तांदळाचा खरा, पण त्याच तव्यावर रवा डोसा होतो, आणि सांबारातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. भाकरीचं पीठ मात्र इथे सहज मिळतं, ग्लूटेन फ्री लिहिलेलं बघून घ्यायचं एवढंच. तुझ्याकडे सध्या गिरणीवाला गव्हानंतर लगेच ज्वारी दळत असेल तर ते आधी बंद कर बरं, घरी पण नीट चालू दे.

सामानात मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी भरणार असशील तर दोन्हीत आपण गहू घालतो हे विसरू नकोस, त्याच्यासाठी वेगळी कर, गव्हाऐवजी तांदूळ वाढव. आणि माझ्यासाठी खडा हिंग पाठव, पीठ न घातलेला, मंडईत बघून घे. तारीख पक्की झाली की कळव, नूअर्कला आम्ही घ्यायला जाऊ आणि येताना त्याला त्या दाढीवाल्याकडे घेऊन जाईन, फक्त फ्लाइट दुपारी बाराची नको घेऊस.

तुझी,
सुमी