क्लास निवडतानाच उणे-अधिक का?

महोदय,

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत (ज्यांत खेळाडू एखादे पात्र साकारतो) एका क्लासला, म्हणजे पात्राच्या एका प्रकाराला, कौशल्याचा लाभ जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळतो, ही तक्रार पोरकट मानली जाते; ती तशी नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ साली आला तेव्हा पॅलाडिन हा क्लास केवळ अलायन्स या पक्षाकडे आणि शामन हा क्लास केवळ होर्ड या विरोधी पक्षाकडे होता. शामनच्या ‘विंडफ्युरी टोटेम’ या जादुई खांबामुळे सोबतच्या योद्ध्यांना जादा वार मिळत, तर पॅलाडिनच्या एका आशीर्वादाने शत्रूचे लक्ष साथीदारांकडे कमी वळे. म्हणजे मेहनत सारखी असूनही पक्ष निवडतानाच फरक पडत असे. खेळात भर घालणाऱ्या २००७ च्या विस्ताराने दोन्ही क्लास दोन्ही पक्षांना दिले आणि २००८ च्या विस्तारात एकाच प्रकारचा लाभ अनेक क्लासना मिळू लागला. हे योग्यच झाले. मात्र सगळे क्लास एकसाची केले, तर निवडीला अर्थ उरत नाही.

खरा अन्याय मला ड्रुइडसारख्या मिश्र क्लासवर झालेला वाटतो. त्याला उपचारही येतात म्हणून त्याचे वार मुद्दाम हलके ठेवले गेले. पण एका वेळी तो एकच काम करू शकतो, मग न वापरलेल्या कौशल्याची किंमत त्याने का मोजावी?

– एक वाचक, पुणे