सर, कॅस्टिग्लिओने झाला एकदाचा!

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचा विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

तैलरंगात नक्कल करून शिकायला मला घ्यायची होती मोनालिसा. तुम्ही पुढ्यात ठेवलंत राफाएलचं १५१४-१५च्या सुमाराचं, लूव्रमधलं बाल्दासारे कॅस्टिग्लिओनेचं व्यक्तिचित्र. काळ्या-करड्या कपड्यांतला दाढीवाला गृहस्थ. खरं सांगायचं तर मला तो अगदीच रूक्ष वाटला होता. मग तुम्ही सांगितलंत, रुबेन्सने याची नक्कल केली आहे. रेम्ब्रांटने १६३९ साली ॲमस्टरडॅमच्या लिलावात हे चित्र पाहून त्याचं रेखाटन केलं, शिवाय त्यावर विक्रीची किंमतही टिपली: साडेतीन हजार गिल्डर. (किंमत लिहून ठेवणारा रेम्ब्रांट मला एकदम आपल्यातला वाटला.) त्यानंतर कुरकुर करायला तोंडच उरलं नाही.

रॉ अंबरचा (मातकट तपकिरी रंगाचा) पातळ हात, फडक्याने पुसून काढलेला उजेड, मग सगळा चेहरा करड्यातच. मी कंटाळले होते, ते तुम्हाला दिसतही होतं, पण तुम्ही बधला नाहीत. आणि रंग आले तेही किती? पांढरा, आयव्हरी ब्लॅक, यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड, अंबर. "याचे डोळे निळे आहेत, सर, निळा कुठाय?" तुम्ही शेजारच्या कागदावर पापणीचा ऑकर लावलात, त्याला खेटून काळ्या-पांढऱ्याचा करडा ठिपका ठेवलात, आणि तो चक्क निळा दिसायला लागला! मी कागद उन्हात नेऊन पुन्हा पाहिला. निळाच.

बाहीवरची फर मी केस न् केस काढायला घेतली असती. तुम्ही डोळे बारीक करून तिचा नुसता टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, बघायला लावलात. दाढी काळ्या कपड्याला भिडते तिथली कड कोरड्या ब्रशने मोडायची, हेही तुमचंच.

पण सगळ्यात मोठे आभार त्या शेजारच्या कागदाचे. काय दाखवायचं ते तुम्ही तिथे दाखवलंत, माझ्या कॅनव्हासला एकदाही ब्रश लावला नाहीत. त्यामुळे यातलं बरंवाईट सगळं माझं आहे. नाक जरा जास्तच माझं आहे.

वार्निश सहा महिन्यांनी, लक्षात आहे. पुढे टिशियनचा निळ्या बाहीचा माणूस घेऊ म्हणता ना? मी निळ्याची ट्यूब घेऊन ठेवली आहे.

तुमची विद्यार्थिनी