बाबा, बुकिंग मी बदलले आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सादर नमस्कार.

बाबा, तुम्ही हौसेने निवडलेली ती एकांतातल्या किनाऱ्यावरची जागा मी रद्द केली आहे आणि त्याच तारखांना दुसऱ्या, वर्दळीच्या किनाऱ्याजवळ खोली घेतली आहे. हे फोनवर सांगितले असते तर तुम्ही नुसते ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता आणि त्या ‘बरं’चा अर्थ लावण्यात माझा दिवस गेला असता, म्हणून लिहून कळवते आहे. तुमच्या निवडीत काही खोट नव्हती. फोटोतला तो किनारा मलाही आवडला होता. परंतु तेथे जीवरक्षक नाहीत, दवाखाना फार लांब आहे आणि अंधार पडल्यावर वाहन मिळत नाही. अशा ठिकाणी, मी सोबत नसताना, तुम्हा दोघांना पाठवायला माझे मन धजावले नाही. मी येणार असते तर कदाचित वेगळा विचार केला असता. कदाचित तेव्हाही हेच केले असते.

नव्या जागेत तुमची गैरसोय होणार नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीघरात धरायला कठडा आहे, गादी कडक मिळेल आणि सकाळी वर्तमानपत्र दाराशी येईल. खोलीत लहान फ्रिज आहे, त्यामुळे आईच्या इन्सुलिनची चिंता नाही. मात्र आई, किनाऱ्यावर जाताना ते पिशवीत टाकून उन्हात ठेवू नकोस आणि गार राहावे म्हणून थेट बर्फावरही ठेवू नकोस. उष्णतेने ते निकामी होते, तसेच गोठल्यानेही होते.

आता मुख्य गोष्ट. बाबा, तुम्ही म्हणाल की त्या किनाऱ्यावरचे पाणी किती शांत होते. समुद्राच्या बाबतीत मला भीती वाटते ती त्या शांत दिसण्याचीच. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जिथे खिंड असते, तिथून एका अरुंद पट्ट्यातून जोराने बाहेर पडते. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा संथ आणि थोडा गडद दिसतो. नीट पाहिले तर फेस आणि ढवळलेली वाळू समुद्राच्या दिशेने सरकताना दिसते. नवखा माणूस उतरायला नेमकी तीच जागा निवडतो. या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला 2 मीटरपर्यंत जातो आणि त्याच्या उलट पोहत राहणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही.

तुम्ही उत्तम पोहता, याबद्दल मला शंका नाही. पाठीला डबा बांधून मला विहिरीत सोडले होते, तेव्हा मी पायरी पकडायला धडपडत होते आणि तुम्ही वरून शांतपणे सांगत होता की हातपाय मारू नकोस, अंग सैल सोड, पाणी तुला धरेल. तुमचा तो आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसानंतर मला पाण्याचे भय कधी वाटले नाही. समुद्राच्या ओढीत सापडल्यास करायचे तेही हेच आहे. तो प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे बहुधा ओसरतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे झुंजून दमल्यामुळे. म्हणून उताणे तरंगायचे, हात उंच करून मदत मागायची आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यायचे.

पण ही वेळच येऊ देऊ नका. स्टेंट बसवल्यापासून डॉक्टरांनी पोहण्याबद्दल काय सांगितले आहे, ते तुम्हाला पाठ आहे आणि मलाही. लाल आणि पिवळा असे आडवे पट्टे असलेले दोन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांचे लक्ष असते. तेवढ्याच भागात, गुडघाभर पाण्यापर्यंत जावे. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नये आणि दोन लाल झेंडे असतील तर पाणी सर्वांसाठी बंद आहे असे समजावे. जांभळा झेंडा जेलीफिशसारख्या जीवांसाठी लावतात. वाळूवर मरून पडलेला जेलीफिशही डंख करू शकतो, हे आईला मुद्दाम सांगते, कारण शिंपले वेचताना ती काहीही उचलते. खुणा जागेनुसार थोड्या बदलतात, म्हणून पहिल्याच दिवशी जीवरक्षकाला विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उभे असतानाही समुद्राकडे पाठ करू नका. किनाऱ्यालगत आदळणारी लाट उभ्या माणसाला खाली पाडते आणि आपल्या वयाची, म्हणजे तुमच्या वयाची, हाडे ते सहन करत नाहीत.

एक गोष्ट लिहू की नको, असे झाले होते. कोणी बुडताना दिसले तर बाबा, तुम्ही आत जाणार नाही. आधी जीवरक्षकाला हाक, मग तरंगणारे जे हाताशी असेल ते, ट्यूब, चेंडू, रिकामा कॅन, त्या माणसाकडे फेकायचे. धाकट्या काकांनाही पोहता येत होते. याहून अधिक मी लिहीत नाही. आजी समुद्राचे नाव निघाले की का उठून जात असे, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आई, खडकांवर फोटोसाठी जाण्याचा हट्ट तुझा असतो, म्हणून हे तुझ्यासाठी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे काल याच वेळी वाट मोकळी होती, हा हिशेब आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तिथ्या तुला तोंडपाठ असतात, तेव्हा त्या दिवसांत खडकांकडे फिरकू नकोस. वाळूत अनवाणी चालू नकोस. तापलेल्या वाळूचा चटका तुझ्या पायांना उशिरा कळतो आणि जखम भरायला किती दिवस लागतात, ते आपण गेल्या वर्षी पाहिले आहे.

सकाळी 10 ते दुपारी 4 खोलीत थांबा. छत्रीखाली बसूनही ऊन लागते, कारण वाळू आणि फेस ते परतवतात. बाबांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे आणि या वयात तहानही उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. किती प्यायचे ते मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आकाशात गडगडले की लगेच पक्क्या इमारतीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर यायचे नाही.

चोरांबद्दल फार लिहीत नाही. दागिने घरीच ठेवा, ओळखपत्रांच्या प्रती वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि दोघे एकाच वेळी पाण्याकडे जाणार असाल तर फोन आणि पाकीट खोलीतल्या तिजोरीत राहू द्या.

औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता एकाच कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती पाठवते आहे. एक बाबांच्या खिशात, एक आईच्या पर्समध्ये. नव्या जागेबद्दल राग आला असेल तर बाबा, आईला सांगा, ती मला फोन करेल आणि मी सगळे ऐकून घेईन. बुकिंग मात्र बदलणार नाही.

तुमची,
धाकटी