नोकरी गेली, एवढे कारण पुरेसे असावे

महोदय,

अमेरिकेने २०२५ मध्ये आयातशुल्क वाढवल्यापासून मराठी वृत्तपत्रांत आपल्या निर्यातीच्या भवितव्याची सविस्तर चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. मात्र हे शुल्क ज्याच्या नावाने लावले जाते तो कामगार, म्हणजे ज्याचा कारखाना मेक्सिकोला किंवा चीनला हलवला गेला आणि जो स्वतः मागे राहिला, तो या चर्चेत अभावानेच दिसला. त्याच्यासाठी अमेरिकेत १९६२ पासून ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ नावाची स्वतंत्र सरकारी योजना होती. १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करण्याचा अधिकार तिथल्या श्रम खात्याला उरला नाही, आणि शुल्कवाढीची घोषणा झाली तेव्हाही ही योजना नव्या अर्जदारांना बंदच होती. कामगार खात्यात नोकरी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही विसंगती शुल्काच्या टक्केवारीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

योजनेमागचा विचार सरळ होता. परदेशी माल स्वस्तात आल्याचा लाभ सगळ्या देशाला होतो, पण त्याची किंमत काही मोजक्या गावांतील मोजके कामगार चुकवतात. तेव्हा लाभातला थोडा वाटा त्यांना मिळावा. अध्यक्ष केनेडी यांना आयातकर कमी करण्यासाठी संसदेची आणि कामगार संघटनांची संमती हवी होती, आणि ही मदत हा त्या संमतीचा मोबदला होता. प्रत्यक्षात अटी अशा घातल्या गेल्या, की नोकरी जाण्याचे प्रमुख कारण सरकारने आयातकरात दिलेली सवलतच आहे हे सिद्ध करावे लागे. परिणामी १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. ज्या संघटनांनी कायद्याला पाठिंबा दिला होता, त्यांच्याच गोटात पुढे या योजनेला ‘अंत्यविधीचा विमा’ म्हटले जाऊ लागले. १९७४ च्या कायद्याने ही अट सैल केली. तरीसुद्धा आपली नोकरी नेमकी कशामुळे गेली हे आधी ठरायला हवे, हा मूळ दंडक कायम राहिला.

तो दंडक कसा चालत असे, हे पाहण्याजोगे आहे. किमान तीन कामगारांनी किंवा त्यांच्या संघटनेने नोकरी गेल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. मग श्रम खात्याचे तपासनीस कंपनीकडून उत्पादनाचे, विक्रीचे आणि आयातीचे आकडे मागवणार. आणि ते पाहून त्या गटाला प्रमाणपत्र मिळणार किंवा नाकारले जाणार. म्हणजे ज्या कंपनीने दाराला कुलूप लावले, तिच्याच कागदांवर कामगाराचा हक्क अवलंबून. चौकशी म्हटली की मालक किती तत्परतेने कागद देतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही कामगार अधिकाऱ्याला विचारावे.

प्रमाणपत्र मिळालेल्यांना मिळणारी मदत मात्र खरोखर भरीव होती, हेही नमूद केले पाहिजे. इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग येथील ‘मेटॅग’चा शीतकपाटांचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला आणि उत्पादन मेक्सिकोतील रेनोसा येथे गेले; सुमारे १६०० जणांचे काम गेले. त्याच वर्षी बोस्टनच्या पक्ष अधिवेशनातील गाजलेल्या भाषणात बराक ओबामा यांनी याच कामगारांचा उल्लेख केला होता. अशा कामगारांना महाविद्यालयातील प्रशिक्षणाचा खर्च मिळे आणि प्रशिक्षण चालू असेपर्यंत साप्ताहिक भत्ता मिळे. शेवटच्या काळातील नियमांनुसार बेकारी भत्ता धरून ही मुदत १३० आठवड्यांपर्यंत जाऊ शकत होती. पण पन्नाशीला टेकलेल्या, घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवणे हा उपाय कागदावर शोभतो. त्यामुळे मला या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वेगळाच वाटतो, आणि तो म्हणजे वेतन-विमा. पन्नास वर्षांपुढील कामगाराने कमी पगाराची नवी नोकरी पत्करली, तर जुन्या आणि नव्या वेतनातील फरकाची निम्मी रक्कम सरकार देत असे. नव्या नोकरीचे वार्षिक उत्पन्न ५० हजार डॉलरच्या आत असावे आणि दोन वर्षांत मिळून १० हजार डॉलरपेक्षा अधिक मिळू नये, एवढ्याच मुख्य मर्यादा. वर्षाला ४० हजार डॉलर मिळवणारा माणूस २८ हजारांवर आला, तर त्याला वर्षाला ६ हजार मिळत आणि दुसऱ्या वर्षी ती कमाल मर्यादा गाठली जाई. त्याला रिकामे बसवले जात नसे आणि कमी पगाराच्या कामाला नाक मुरडावे, असेही कारण उरत नसे.

या इतिहासात आपलाही एक दुवा आहे, आणि पुण्यातील वाचकांना तो जवळचा वाटावा. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी कंपन्यांतील संगणकाचे काम भारतात येऊ लागले, तेव्हा तिथे काम गमावलेल्या अनेकांनी या मदतीसाठी अर्ज केले. ते अर्ज फेटाळले गेले, कारण कायद्यात ‘वस्तू’ तयार करणाऱ्यांचाच विचार होता आणि सॉफ्टवेअर ही श्रम खात्याच्या लेखी वस्तू नव्हती. तबकडीत भरून विकले तर ती वस्तू, तारेवरून पाठवले तर नाही, अशा तर्काचा कीस न्यायालयात पाडला गेला. २००६ मध्ये खात्याने भूमिका बदलली आणि २००९ मध्ये संसदेने सेवाक्षेत्रातील कामगारांनाही योजनेत घेतले. तोपर्यंत कित्येकांची वेळ निघून गेली होती. ज्या कामावर आपल्या हिंजवडी-खराडीची भरभराट झाली, त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला ‘तुझी नोकरी गेली, पण कायद्याला अपेक्षित रीतीने गेली नाही’ असे उत्तर मिळत होते.

कारणाच्या या चाळणीतून किती जण गळतात, याचा अंदाज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांच्या २०१३ च्या अभ्यासावरून येतो. चिनी आयातीचा मार ज्या भागांना अधिक बसला, तिथे अपंगत्व-निवृत्तिवेतनापोटी सरकारला जो जादा खर्च आला, तो या खास योजनेवर वाढलेल्या खर्चाच्या तीस पटींहून अधिक होता. नेमक्या याच संकटासाठी केलेल्या कायद्याऐवजी माणसे दुसऱ्याच दाराने आत गेली, आणि त्या दारातून कामावर परतणारे फार थोडे असतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे: कारखाना परदेशी गेल्याने बेकार झालेल्याला भरघोस मदत आणि यंत्रमानव आल्याने किंवा मालकाचे दिवाळे निघाल्याने बेकार झालेल्याला साधा भत्ता, हा भेद कशासाठी? माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर योजना बंद करणे हे नसून कारणाची अट काढून टाकणे हे आहे. युरोपीय संघाने जागतिकीकरणाची झळ बसलेल्या कामगारांसाठी २००७ पासून जो निधी चालवला, त्यात सुरुवातीला अशीच अट होती. २०२१ पासूनच्या नियमांत किमान कामगारसंख्या २०० पर्यंत खाली आणली गेली आणि मोठ्या प्रमाणावर कामगार कमी झाले असतील तर कारण कोणतेही चालेल, असे ठरले. अमेरिकेने हे केले नाही. तिथे संसदेच्या मुदतवाढीवर जगणारी योजना दोन पक्षांच्या व्यापारविषयक घासाघिशीत अडकून संपली.

आपल्याकडेही मदतीला कारणाची आणि कागदाची अट घालण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबू लागले तेव्हा, १९८६ मध्ये, केंद्राने वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी स्थापन केला. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के, अशी ती मदत होती. परंतु गिरणी बंद करण्याची रीतसर परवानगी मिळालेली असावी किंवा तिच्यावर अवसायक, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमलेला असावा, अशी अट होती. गिरणीचे चाक थांबले एवढ्याने भागत नसे.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यातील ८३ व्या कलमाने कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधी निर्माण केला असून मालकाने त्यात प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांचे वेतन भरायचे आहे आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणते नवे कौशल्य हाती येईल, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्याहून गंभीर बाब अशी, की हा निधी केवळ कामगार-कपातीच्या बाबतीत आहे असे कलमातच म्हटले आहे. कायद्याच्या भाषेत कपात वेगळी आणि कारखाना बंद करणे वेगळे. बंदचीही नुकसानभरपाई आहे, परंतु या निधीची भाषा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या कंपनीने चाकण-रांजणगावचे उत्पादन उद्या व्हिएतनामला हलवले, तिथे होणार आहे ते बंद. शिवाय कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना ९० दिवसांपर्यंत निम्मे वेतन देते, पण २१ हजार रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे वाहन उद्योगातील बहुतेक कायम कामगार तिच्या बाहेरच राहतात.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, आणि या निधीत इतर मार्गांनी भर घालण्याची मुभा संहितेने सरकारला दिलेली आहे. म्हणून राज्य शासनाला माझी सूचना अशी, की सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली ज्या उद्योगांना करपरतावा, वीजशुल्कातील सूट आणि मुद्रांकशुल्काची माफी दिली जाते, त्यांच्या करारातच एक अट असावी: उत्पादन बंद केल्यास मिळालेल्या सवलतींचा ठरावीक भाग या निधीत जमा करावा, आणि त्यातून पन्नाशीपुढील कामगारांना वेतनातील फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षे मिळावी, कंपनी कुठे गेली आणि का गेली याची चौकशी न करता. पात्रतेसाठी भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी पुरेशा आहेत आणि त्या आजच सरकारकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त सरकारी कामगार अधिकारी,
चिंचवड, पुणे