बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास : मोटर सुरू करू नये, योग्य तपासणी व्हावी

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा नोटीस बोर्डावर लावलेला बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. ‘वापरण्यास योग्य’ असा शेरा आहे आणि त्यावरून उद्या मोटर सुरू करायचं ठरलंय. कृपा करून तसं करू नका.

त्या कागदावर क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू तपासलेत. आपली तक्रार पेट्रोलच्या वासाची आहे आणि पेट्रोलमधल्या एकाही द्रव्याचं नाव त्यात नाही. शिवाय नमुना घेतला तेव्हा मी तिथेच उभी होते. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत, वर चार बोटं जागा सोडून पाणी भरलं आणि ती बाटली दुपारभर वॉचमनच्या टेबलावर उन्हात होती. बेंझिन, टोल्युइन, झायलीन ही पेट्रोलमधली उडून जाणारी द्रव्यं आहेत. त्यांच्यासाठी काचेची छोटी बाटली काठोकाठ, एक बुडबुडाही न ठेवता भरतात आणि बर्फात घालून लॅबला पोचवतात.

वास आता कमी झालाय, असं सेक्रेटरीसाहेब म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. नाकाला कळायला त्याच्या कितीतरी पट बेंझिन लागतं. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पाणी उकळून घेऊ म्हटलं, तर तेच वाफेतून स्वयंपाकघरात पसरणार.

गड्डा यात्रा संपली त्या आठवड्यात पहाटे मोटर लागल्यावर मी बादली भरली. पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग होता. बोट फिरवलं की फाटायचा आणि पुन्हा जुळायचा. आदल्या दिवशी त्याच पाण्याने मी नातवाला आंघोळ घातली होती. ते काही केल्या मनातून जात नाही.

आपल्या पायाखाली काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. झिरपत पाण्याच्या पातळीपर्यंत जातं, तिथे तरंगतं आणि खडकाच्या भेगा नेतील तिकडे पसरतं. म्हणून मागच्या बंगल्याच्या बोअरला वास नाही, यावरून काहीच ठरत नाही. आपण मोटर चालवली की भेगांमधलं पाणी आपल्याकडे ओढलं जातं आणि त्याबरोबर तेही.

शेजारच्या पेट्रोल पंपाची टाकी गळते, असा आरोप मी करत नाही. ते तपासातून ठरू दे. टाकीची आणि पाइपांची गळती चाचणी होते, रोज मोजलेला साठा आणि विक्री यांचा मेळ घालता येतो. पंप आणि आपली इमारत यांच्या मधल्या जागेत निदान तीन निरीक्षण बोअर हवेत, कारण तिन्हींतली पाणीपातळी मोजल्याशिवाय पाणी कुठून कुठे वाहतं ते समजत नाही. ते घेतानाच निरनिराळ्या खोलीवरची मातीही तपासायला द्यावी. यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांना, तसंच जमिनीखालच्या टाकीसाठी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र जावं. माझ्या एकटीच्या अर्जाला तेवढं वजन येणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचते. लिफ्टचा खड्डा, पाण्याची जमिनीखालची टाकी, ड्रेनेजचे चेंबर यांच्याजवळ कोणी काडी ओढू नये, बिडी पेटवू नये. टाकी धुवायला कोणाला आत उतरवू तर अजिबात नये.

महापालिकेचं पाणी रोज येत नाही, बोअर बंद म्हणजे टँकरचा खर्च, हे मलाही कळतं. बी विंगच्या आम्ही सहा घरांनी पहिल्या टँकरची वर्गणी काढून ठेवली आहे. रविवारच्या मीटिंगपर्यंत मोटररूमची किल्ली वॉचमनकडे न ठेवता आपल्याच ताब्यात असावी, ही हात जोडून विनंती.

आपली,
बी विंग, तळमजल्यावरील एक सभासद